गुढीवर बसलेल्या माश्या

लग्न झाल्यापासून आमच्या ह्यांना एकेका गोष्टीचं वेड लागत आलंय. नवऱ्याचं नाव मी आजवर तोंडानं घेतलं नाही, ते इथंही घेणार नाही. आधी कबुतरं झाली, मग जुने रेडिओ, मग वर्षभर गच्चीवर मिरच्या. यातलं काही कुणाच्या जिवावर उठलं नाही, म्हणून मीही कधी मनावर घेतलं नाही. साठी गाठल्यावर ह्यांनी शेतपंपाच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान बंद केलं आणि राधानगरीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून सातेरी मधमाश्यांची लाकडी पेटी आणून गच्चीवर ठेवली. आमचं घर रंकाळ्याच्या पलीकडं, जिथं शहर संपत येतं आणि ऊस सुरू होतो तिथं. माश्यांना चरायला चिक्कार, असं हे म्हणाले. मी म्हटलं, चरू द्यात.

पहिल्याच पावसाळ्यात ह्यांनी त्या पेटीचा निकाल लावला. पावसात फुलं नसतात, तेव्हा माश्यांना साखरेचा पाक ठेवायचा असतो. शेतकऱ्यानं चारचारदा बजावून सांगितलं होतं, साखरच. पण हे पडले कोल्हापूरचे. "आपल्याकडं असला गूळ असताना माशीला साखर घालायची? लोक काय म्हणतील?" असं म्हणून ह्यांनी गुळाचं पाणी ठेवलं. माश्यांची पोटं बिघडली. समोरच्या काकूंनी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर पिवळे ठिपकेच ठिपके. काकू चादर घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही तुमच्या माशांची रांगोळी बगा." पुढच्या काही दिवसांत माश्या मेल्या. ह्यांचं म्हणणं काय, तर गूळ रसायनाचा होता, चांगला मिळाला असता तर जगल्या असत्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय उगीच नाही.

पण पुढं शिकले. दुसरी पेटी आणली, ती टिकली. एकीच्या तीन झाल्या, आणि त्या विकत न आणता झाल्या. माश्यांचं असं असतं की थंडी सरली, फुलोरा आला आणि पेटी भरून गेली की त्या घरात नवी राणी तयार करायला घेतात. नवी यायच्या आधी जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन घर सोडते. बाहेर पडलेला थवा कुठंतरी फांदीला नाहीतर वळचणीला लटकतो, आणि थोड्या माश्या नवी जागा हुडकायला जातात. जागा ठरली की सगळा थवा उठून निघून जातो. तो लटकलेला असतानाच धरायचा. संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत हे मान वर करूनच चालायचे. कुणी सांगितलं, आंब्यावर माशा बसल्यात, की हातातला घास ताटात. मी शिडी धरायची आणि हे वर उघड्या हातानं, दुधावरची साय उचलावी तसा तो थवा टोपलीत उतरवायचे. तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी तो तसा पाहिला नव्हता, हेही सांगून टाकते.

चावायच्या अधूनमधून. हे हसायचे, संधिवाताला बरं असतं म्हणायचे. परवाच्या दिवाळीनंतर एक माशी मानेवर चावली. एकच. हे गच्चीचा जिना उतरून आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पंखा लाव गं." अंगभर गांधी उठल्या होत्या. ओठ सुजले, मग बोलणं घोगरं झालं, मग बोलणंच येईना. शेजारच्या रिक्षावाल्या भावजींनी उचलून रिक्षात घातलं. वाटेत ह्यांचा श्वास शीळ घातल्यासारखा वाजत होता आणि मी एकसारखी "आलं, आलं, आलं" म्हणत होते. दवाखाना आला तेव्हा भावजींनीच ह्यांना उचलून आत नेलं.

डॉक्टर तरुण होते, पण आडपडदा न ठेवता बोलले. शरीरानं माशीच्या विषाशी वैर धरलंय. पुढची माशी चावली तर दवाखाना गाठायला वेळ मिळेलच असं नाही. माश्या बंद. आणि एक औषध नि सुई कायम घरात ठेवायची, मांडीत टोचायची. नर्सबाईंनी मला शिकवलं आणि संत्र्यावर सराव करा म्हणाल्या. घरी संत्री नव्हती, वांगी होती. चार दिवस मी वांग्यांना पाण्याची इंजेक्शनं देत होते, आणि नंतर त्याच वांग्यांची भाजी हे "आज लई रसरशीत झाली" म्हणत खात होते.

दोन पेट्या शेतकरी लगेच घेऊन गेला. तिसरी राहिली. ती तेव्हा अशक्त होती, माश्या मूठभर. "वहिनी, थंडीत ही हलवली तर वाटंतच मरंल," तो म्हणाला. "आनि आता ऊसतोड, टेम्पो मिळायचा न्हाई परत. पाडवा होऊ दे, मग नेतो." मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे भिंतीकडं बघत होते. मला कळत होतं, त्या पेटीत ह्यांचा जीव अडकलाय. मी हो म्हटलं. पण अटी माझ्या. दिवसा घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. फिरायला जायचं ते दिवेलागणीनंतर. गच्चीच्या दाराला कुलूप. खिडक्यांना जाळ्या. हे एवढे हट्टी, पण सगळं मान्य केलं, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली.

मग त्या पेटीचं करायचं कुणी? मीच. तोंडावर जाळीची टोपी, हातात रबरी मोजे, अंगात ह्यांचा जुना खाकी शर्ट. गच्चीच्या दाराला वर काच आहे, तिच्यामागं हे उभे, आणि माझ्या खिशात फोन चालू. "हळू. झाकण फिरवून काढ. धूर थोडा दे, शेगडी पेटवायची न्हाय तुला." नुसतं उंटावरून शेळ्या हाकणं. पहिल्यांदा पोळ्याची चौकट उचलली तेव्हा मी इतक्यांदा "चावू नका गं" म्हटलं की माश्यांनाच माझी काळजी वाटली असेल. पण त्या आपल्या कामात होत्या. पेटीतून मेणाचा आणि कसल्यातरी कोवळ्या, ऊबदार वासाचा भपका आला. आवडला मला तो वास. खाली आल्यावर तसं बोलले नाही.

ती अशक्त पेटी थंडीत जी सावरली, ती शिमग्यापर्यंत ऊतू चालली. एका सकाळी गच्ची झाडताना पेटीच्या दाराशी मला बारीक टोप्या सापडल्या. मेणाच्या, टोकदार, मधोमध सुईनं टोचल्यासारखं भोक. तळहातावर घेऊन खाली आले. हे चहा पीत होते, कप तसाच खाली ठेवला.

"नरांच्या घरांची झाकणं हायती ही. नर बाहेर पडायला लागलं."

"मग?"

"मग काय. नर झालं की राणी होणार. राणी झाली की थवा सुटणार." ह्यांच्या डोळ्यांत कितीतरी महिन्यांनी पाणी चमकलं होतं, आनंदाचं. मी मात्र आधी खिडक्यांच्या जाळ्या तपासून आले. पेटीतल्या माश्या पेटीत होत्या तोवर काच, जाळी, कुलूप यांचा काही उपयोग होता. थवा सुटला की तो कुठं बसेल याला काही धरबंद नाही.

त्यानंतर मी चौकटींच्या खालच्या कडा तपासायला लागले. तिथं शेंगदाण्याच्या शेंगेसारखी राणीची घरं लोंबतात, ती सुरीनं कापायची. कापताना आत पांढरी अळी दिसायची. मला वाईट वाटायचं, पण मी कापत गेले. फोनमधून आवाज यायचा, "कापून थांबत न्हाईत त्या. उशीर होतो फक्त." मी म्हणायचे, पाडव्यापर्यंत उशीर झाला तरी पुष्कळ. ह्यांच्या सांगण्यावरून एक रिकामी पेटी आतून गवती चहाच्या पातीनं घासून गच्चीच्या कोपऱ्यात तयार ठेवली. तो वास त्यांना ओढून आणतो म्हणे. शेवटी त्यानं एकही माशी ओढून आणली नाही.

त्या दिवसांत आमचं घर विचित्र झालं होतं. हे दिवसभर काचेमागं बसून असायचे. जेवायला हाक मारली तर यायचे, खायचे, परत काचेशी. एकदा मी भाकरी थापत असताना मागून येऊन म्हणाले, "मला कोंडून घातलंयस तू." रागानं नाही, सहज. रागानं म्हणाले असते तर मी चार शब्द सुनावले असते. मी ती भाकरी तव्यावर टाकली. घरातला माणूस जगावा म्हणून त्याला कोंडायचं, आणि तो कोंडल्यामुळंच झिजताना बघायचं, हा न्याय कुठला, मला अजून कळलेला नाही. बाहेरून कुणाला वाटलं असतं, किती काळजी घेते. मला स्वतःला मी राखणदार कुत्र्यासारखी वाटायला लागले होते, सारखी कान टवकारून.

पाडव्याच्या दिवशी उजाडायच्या आधीच ह्यांनी गुढी उभारली. त्या वेळी माश्या झोपलेल्या असतात, म्हणून मी परवानगी दिली होती, तीही गळ्याभोवती मफलर गुंडाळून. पुढच्या दाराशी पाट, पाटावर वेळूची काठी, वरच्या टोकाला माझा लग्नातला शालू, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची माळ आणि त्यावर पालथा तांब्या. काठी दाराच्या ग्रिलला सुतळीनं बांधली. हे हात जोडून उभे राहिले. मीही राहिले. मी काय मागितलं ते सांगायला नको.

ऊन चांगलं तापल्यावर मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते, तेव्हा वरून आवाज आला. मोठ्या पातेल्यात आधण उकळायला लागावं तसा. लगेच बाहेरच्या खोलीतून ह्यांची आरोळी, "उठल्या! अगं, उठल्या!" मी पुरणाच्या हातानं धावले आणि आधी पुढच्या दाराला आतून कडी घातली, मग खिडकीतून बाहेर बघितलं. गल्लीवरचं आभाळ माश्यांनी भरलं होतं. वर-खाली, गोल-गोल, हजारो. पोरंटोरं किंचाळत घरात पळाली. मग तो घोळका हळूहळू आवळत गेला, खाली खाली आला, आणि माझ्या शालूवर, तांब्याच्या तोंडाशी, बसायला लागला. बघता बघता गुढीला जिवंत, तपकिरी, हलती दाढी फुटली.

"तांब्यात गेली असंल राणी," हे खिडकीच्या काचेला नाक लावून म्हणाले. "अंधार असतोय नं आत. शानी हाय."

गल्लीतली माणसं थोड्या वेळानं बाहेर आली आणि ज्याला त्याला अक्कल सुचायला लागली. एक म्हणाला, रॉकेल मारा. दुसरा उसावर फवारायचा पंप आणायला निघाला. मी खिडकीतून ओरडले, "कुणी हात लावायचा न्हाय! मी बघतो काय करायचं ते." आमच्याकडं बायकाही भांडणात 'मी बघतो' म्हणतात, आणि त्यानं जरा वजन येतं. पंपवाला थांबला. समोरच्या काकू आपल्या दारातून म्हणाल्या, "ते काय करायचं ते कर बाई, पण सूर्य मावळायच्या आत गुढी उतरली पायजे. वरसाचा सण हाय."

तसेच राहू दे, उठतील आणि जातील, असं मला आधी वाटलं होतं. पण ह्यांनीच खिडकीतून बोट दाखवलं. दारालगत विजेच्या मीटरची पत्र्याची पेटी आहे, तिच्या खालच्या भोकातून थोड्या माश्या आत-बाहेर करत होत्या. "जागा बघायला आल्यात. पसंत पडली तर आजच संसार थाटतील." मीटर म्हणजे दारापासून हातभर. तिथं माश्या बसल्या की हे दार उघडणं म्हणजे रोज मृत्यूला "या बसा" म्हणणं. शेतकरी येऊन त्यांना मीटरमधून काढीपर्यंत काय? आणि तोवर हा माणूस घरात राहील? मला ह्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, नाही राहणार. तेव्हा थवा आजच आणि मलाच धरायला हवा होता.

"दिवेलागणीला धर," हे म्हणाले. "सगळ्या परत आल्या की." काकूंचा सूर्य आणि ह्यांची दिवेलागण, दोन्ही सांभाळायचं म्हणजे उन्हं कलली की उतरवायची आणि पेटी तिथंच अंधार पडेपर्यंत ठेवायची. तोवर मी अधूनमधून झाडांच्या पिचकारीनं थव्यावर पाणी शिंपडत राहिले, म्हणजे उठू नयेत. पुरण तसंच राहिलं. कुणी जेवलं नाही.

उन्हं कलली. मी जाळीची टोपी, मोजे, खाकी शर्ट चढवून मागच्या दारानं बाहेर पडले, वळसा घालून पुढं आले. रिकामी पेटी पाटाशेजारी उघडून ठेवली, चौकटी काढलेल्या. खिशात ती सुई होती, सवयीनं. शिडी भिंतीला लावली. बेत साधा होता. मी शिडीवर चढून काठी वरून धरायची आणि वरची सुतळी सोडायची, खाली रिक्षावाल्या भावजींनी काठीचा बुडखा धरायचा, आणि दोघांनी मिळून ती हळूहळू आडवी करत तांब्याचं टोक पेटीवर आणायचं. भावजी डोक्याला टॉवेल गुंडाळून तयार झाले होते. भला माणूस. ह्यांना उचलून रिक्षात घालताना त्यांनी एकदाही मागं बघितलं नव्हतं.

हे आत, खिडकीशी. फोन चालू. "घाई करायची न्हाय. थव्यातली माशी चावत न्हाय गं, मध पिऊन निघालेली असती."

मी वरची सुतळी सोडली. काठी माझ्या हातात आली, आणि ती किती जड असते हे मला तेव्हा कळलं. दरवर्षी हेच उतरवतात. थवा माझ्या तोंडापासून वीतभर, त्याची ऊब जाळीतून गालाला लागत होती. मी खालची सुतळी सोडा म्हणाले. भावजींनी सोडली. काठी जराशी हलली, थव्याचा एक गोळा निसटून खाली भावजींच्या खांद्यावर पडला, आणि सगळीकडं भणभण झाली. "वहिनी, मला पोरंबाळं हायती!" एवढं म्हणून भावजींनी काठी सोडली आणि पळाले. त्यांना दोष देत नाही. पोरं खरंच आहेत.

काठीचा बुडखा पाटावरून सरकायला लागला. मी एका हातानं शिडी आणि एका हातानं काठी धरलेली. काठी वाकडी होत चालली. समोरून काकूंचा आवाज आला, "गुढी पडू देऊ नकोस गं! पडू देऊ नकोस!" माझ्या मनात गुढीचा अपशकुन नव्हता. ती पडली तर थवा फुटणार, हजारो माश्या चिडणार आणि घराभोवती पसरणार, एवढंच होतं. माझा हात सुटत होता.

आणि काठी थांबली.

खाली बघितलं तर हे. मागचं दार. मी पुढच्याचा विचार केला, गच्चीचा केला, जाळ्यांचा केला, आणि ज्या दारानं स्वतः बाहेर आले ते तसंच उघडं. अंगात बनियन, तोंडावर काही नाही, मफलरसुद्धा नाही. दोन्ही हातांनी बुडखा धरलेला. भावजींच्या खांद्यावरून उडालेल्या माश्या ह्यांच्या दंडावर, मानेवर, कानाच्या पाळीवर बसत होत्या, चालत होत्या.

मला ओरडायचं होतं. ओरडता येत नव्हतं. एक झटका, एक धक्का, आणि माश्या डंख मारणार. मी शिडीवरून खिसा चाचपला. सुई होती, पण ह्यांच्यापर्यंत पोचायला आधी काठी उतरवायला हवी होती.

"हळू सोड," हे खालून म्हणाले. फोनमधून नाही, खरोखरच्या आवाजात. "माझ्याकडं बघू नको. तांब्याकडं बघ."

मी तांब्याकडं बघितलं. पायरी पायरी उतरत गेले, हे बुडखा मागं नेत गेले, आणि काठी दोघांच्या मध्ये आडवी होत आली. तांब्याचं टोक पेटीवर आलं तेव्हा ह्यांनी नुसती मान हलवली, आणि मी काठीला एकच हिसका दिला. थवा भिजल्या कणकेसारखा थप्पकन पेटीत पडला. तांब्यातून राणी पडली की नाही ते मला दिसलं नाही, पण लगेचच पेटीच्या कडेला माश्या शेपटं वर करून पंख मारायला लागल्या, बाकीच्यांना हाका मारायला लागल्या. म्हणजे पडली होती.

मी मान वळवून ह्यांच्याकडं बघितलं. मनगटावर दहा-बारा माश्या होत्या आणि हे त्यांच्याकडं बघत होते. तो चेहरा मी आंब्याखाली शिडी धरून बघितला होता. पण आज शिडीवर मी होते, आणि त्या चेहऱ्यानं माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

"आत जा," मी म्हटलं. अगदी हळू.

"थांब की जरा."

"आत जा म्हणते मी!"

ह्यांनी मनगटावर हलकी फुंकर मारली, माश्या उडाल्या, आणि हे मागच्या दारानं आत गेले. एकही चावली नाही. मला मोज्यांवरून चार ठिकाणी चावल्या होत्या, त्या मला जाणवल्या त्यानंतर. मी शालू काढला, रस्त्याच्या मध्यावर नेला आणि घडी घडी उलगडून झटकला. एक माशी निऱ्यांत निघालीच. काकूंनी लांबूनच गुढीला हळद-कुंकू वाहिलं. सूर्य अजून होता.

अंधार पडल्यावर पेटी बंद केली. दोन दिवसांनी शेतकऱ्याचा टेम्पो आला आणि दोन्ही पेट्या घेऊन गेला. हे आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. गल्लीत तोवर गोष्ट तयार झाली होती. काकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, जिवाची पर्वा न करता गुढी सावरली. काकू तर सांगत सुटल्या की बायको पडेल म्हणून धावला बिचारा, याला म्हणतात संसार. भावजी लाजून ह्यांच्या पाया पडून गेले. मी सगळ्यांना चहा केला.

टेम्पो गेल्यावर आम्ही दोघंच राहिलो. मी ह्यांच्या समोर बसले. मला त्या दोन दिवसांत झोप नव्हती, आणि मला एकच गोष्ट ऐकायची होती. काकू म्हणतात ते खोटं असलं तरी चाललं असतं, ह्यांनी ते नुसतं म्हणायला हवं होतं.

"बाहेर आलात तेव्हा," मी म्हटलं, "माझा विचार आलता का मनात? मी पडेन म्हणून आलात, का गुढी पडंल म्हणून, का माशा जातील म्हणून? तुम्हाला काय झालं असतं तर माझं काय, ह्याचा तरी?"

हे खोटं बोलत नाहीत. मोटारीचं दुकान चालवलं तेव्हाही कधी बोलले नाहीत, त्याचा मला अभिमान होता. खरंच आठवून बघितलं, आणि म्हणाले, "न्हाई गं. कशाचाच न्हाई आला. लई बरं वाटलं, एवढंच."

आणि माझ्या हातावर हात ठेवून, सुजलेल्या जागा अंगठ्यानं हळूहळू दाबत, त्या चार माश्या कुठं कुठं चावल्या ते विचारायला लागले. आवाजात माया होती, ती खोटी नव्हती. मी हात काढून घेतला नाही. डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून हा माणूस मरेल म्हणून मी भीत होते. तो समोर बसला होता, धडधाकट, माझा हात हातात घेऊन, आणि मला कळत होतं की त्या दारातून तो मला न विचारता निघून गेला होता, आणि परत आला तो केवळ माश्यांना चावावंसं वाटलं नाही म्हणून.